नकोचं बटण

१४ जानेवारी, ब्रसेल्स

वॉशिंग मशीन आणि टोस्टर यांच्यावर आयुष्य घालवलेल्या बाईला आजपासून युरोपातल्या तमाम इंटरनेटवाल्यांच्या वतीने बोलायला बसवलंय. ग्राहक संघाच्या मासिकाची मी संपादक. कुठला मिक्सर वर्षभरात जळतो ते लोकांना साध्या भाषेत सांगायचं, हे माझं काम. पण समितीत बसणारा आमचा वकील नोकरी सोडून गेला (ज्यांच्याशी भांडायचा त्यांच्याचकडे), आणि बेनेडिता म्हणाली, "लीव्ह, तू जा. तुला निदान गप्प बसता येत नाही." बेनेडिता आमच्या संघाची प्रमुख, लिस्बनची. ती स्तुती अशीच करते.

काम काय ते लिहून ठेवते, म्हणजे मलाही कळेल. नवा कायदा झालाय. त्यात एक ओळ आहे: आपली माहिती कंपनीला द्यायला नकार देणं हे होकार देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. ओळ छान आहे. पण सोपं म्हणजे किती सोपं, ते कायदा सांगत नाही. ते आमची समिती लिहिणार, त्याला मानक म्हणायचं. आणि मानक पाळणाऱ्या कंपनीने कायदा पाळला असंच धरलं जाणार. म्हणजे खरा कायदा त्या खोलीत लिहिला जाणार. खोलीत कोण, तर सगळी कंपन्यांची माणसं, मी, आणि वेइक्को नावाचा फिनलंडचा एक म्हातारा. तो कमी ऐकू येणाऱ्यांच्या संघटनेचा निरीक्षक आहे. निरीक्षकाला बसता येतं, कॉफी पिता येते, आक्षेप घेता येत नाही.

इथे मतं मोजत नाहीत. निमंत्रक तीनदा विचारतो, "आक्षेप कायम आहे का?" एकानेही "कायम" म्हटलं की मसुदा तिथेच थांबतो. मला तेवढा एक शब्द आला की झालं. टोस्टरपेक्षा सोपं दिसतंय.

२५ जानेवारी, मेखेलन

रविवारचे पिस्टोले घेऊन पपांकडे गेले. पाव अजून गरम होते, पण पपांचं लक्ष फोनकडे.

पपांचे कान रेल्वेच्या कारखान्यात गेले, रिव्हेट ठोकता ठोकता. दोन वर्षांपूर्वी हे नवं कानाचं मशीन आलं, फोनला जोडलेलं. ते लावून चौकात पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा मनोऱ्यातल्या घंटांवर गाणं वाजत होतं. माझ्या लहानपणापासून त्यांना त्या घंटांचा नुसता गोंगाट ऐकू यायचा, त्या दिवशी गाणं ऐकू आलं. डोळे पुसत म्हणाले, वारा फार आहे.

आणि तोच फोन दर थोड्या दिवसांनी विचारतो: तुम्ही कुठे जाता, किती आवाजात बसता, कोणाशी किती वेळ बोलता, हे आम्हाला कळू द्याल? हो म्हणायला मोठ्ठं हिरवं बटण. नको म्हणायला तळाशी फिकट अक्षरं, मग एक पडदा, मग आणखी एक, मग एक धमकीवजा सूचना. एवढं करून नको म्हटलंच तर मशीन साध्या आवाजावर जातं आणि घंटा पत्र्याच्या डब्यासारख्या वाजतात.

"मी कुठे जातो ते मी तुझ्या आईलासुद्धा सांगत नव्हतो," पपा म्हणाले. "या लोकांना कशाला सांगू?"

"मग नको म्हणा."

"नको म्हणायला बोटं लागतात, लीव्हके. ही बघ माझी." त्यांनी पंजा माझ्यासमोर धरला. त्या बोटांनी फिकट अक्षरं दाबणं म्हणजे हातोड्याने सुई ओवणं. "तू आता तिथे बसतेस ना? मग मला एक नकोचं बटण आणून दे. हिरव्याएवढंच मोठं. रंग कुठलाही चालेल."

आणते, म्हटलं. एवढंच तर मागतायत.

१९ फेब्रुवारी

म्हटलं! "कायम" म्हटलं.

निमंत्रक आन्सेल्म हॅम्बुर्गचा, उंच, बोलायला मऊ, हाताला कधी शाई न लागलेला. कंपन्यांच्या महासंघाचा माणूस. पण नियम असा की निमंत्रकाच्या खुर्चीत बसलं की तो कोणाचाच नाही. तो आक्षेप घेत नाही, नुसता विचारतो. त्याला परवडतं ते. त्याच्या महासंघाची बाकीची मंडळी खोलीत असतातच.

मसुद्यात लिहिलं होतं की नकाराची सोय "उचित ठिकाणी" असावी. उचित म्हणजे कुठे, तळघरात? मी म्हटलं, होकार आणि नकार एकाच पडद्यावर, शेजारी शेजारी, एकाच आकाराचे हवेत. मुख्य मजकुरात हवेत. आन्सेल्मने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चिरकला, पण निघाला. मसुदा थांबला.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कोणी बसलं नाही. सूप संपत आलं तेव्हा वेइक्को ताट घेऊन आला.

"चांगलं केलंत," तो म्हणाला. बराच वेळ पाव चावला. "पुढच्या वेळी परत हेच करा. त्याच्या पुढच्या वेळीही."

"दुसरं काहीच नको करायला?"

"दुसरं काहीच नको."

फिनलंडमध्ये याला गप्पा मारणं म्हणतात बहुतेक.

२४ मार्च

परत कायम. परत मसुदा थांबला. बेनेडिता खूश. मी तितकीशी नाही.

हे कबूल करायला हवं. मला वाटलं होतं तिथे वादविवाद होतील, मी मुद्दे मांडीन, लोक हरकती घेतील. तसलं काही होत नाही. मी एक शब्द बोलते, लोक घड्याळाकडे बघतात, कॉफीच्या मशीनपाशी मी आले की बोलणं थांबतं. आज एक बाई दुसरीला म्हणाली, "ती बघ, आपली कायमबाई." ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. रात्रंदिवस लोकांना नावं ठेवणारी मी, मला नाव ठेवलेलं सहन होत नाही, हे आज कळलं.

आणि मसुद्याची भाषा! एका वाक्यात सात क्रियापदं. आमच्या मासिकात असं कोणी लिहिलं असतं तर मी त्याला फ्रिजच्या चाचणीवर पाठवलं असतं.

२३ एप्रिल

आज आन्सेल्मने बिअरला बोलावलं. मी माझ्या शाळेतल्या जर्मनमध्ये बोलले तर गडी खुलला. दुसऱ्या ग्लासला म्हणाला, "लीव्ह, हे अहो-जाहो पुरे. आजपासून तू आणि मी." जर्मन माणूस हे सहजासहजी म्हणत नाही. ग्लासाला ग्लास लावला.

मग म्हणाला, "खरं सांगू? त्या खोलीत लिहिता येणारी तू एकटीच आहेस. बाकीचे नुसते शब्द रचतात. तुझे आक्षेप मला मान्य आहेत, पण आक्षेपाने वाक्य सुधारत नाही, थांबतं. तू या मानकाची संपादक हो. पेन तुझ्या हातात असेल. तुला हवं तसं लिही."

पेन माझ्या हातात! इतके महिने दारात उभं राहून ओरडतेय, आणि इथे किल्ली देतायत. मी विचार करते म्हटलं, पण ट्रॅममध्ये बसेपर्यंत विचार झाला होता.

२४ एप्रिल

बेनेडिताला सांगितलं. ती हसली. "मुखपृष्ठावर आपल्या संघाचं नाव येईल? मग घे की." वार्षिक सभेत सांगायला तिला काहीतरी हवंच आहे.

वेइक्कोला फोन केला. त्याने इतकंच विचारलं, "मग कायम कोण म्हणणार?"

मी म्हटलं, म्हणायची वेळच येणार नाही, मजकूर मीच लिहिणार आहे. तो म्हणाला, हं. त्या माणसाला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

२० मे

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी, त्याच खोलीत! 'कायमबाई' म्हणणारीने स्पेक्युलास बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

आन्सेल्मने शेवटी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "संपादकाचा स्वतःचा आक्षेप नसतो, तो सगळ्यांचा असतो. तेव्हा लीव्हचे आधीचे आक्षेप आपण मिटले असं धरू. बरोबर ना, लीव्ह?"

"अर्थातच," मी म्हटलं. म्हणताना किती भारदस्त वाटलं.

६ जुलै, मेखेलन

दीड महिना इथे लिहिलं नाही, कारण दिवसभर तेच करतेय. मानक माणसांच्या भाषेत येऊ लागलंय. सात क्रियापदांच्या वाक्याची तीन वाक्यं केली. कंपन्यांची माणसं मला फोन करून विचारतात, हे कसं म्हणू? मी सांगते. ते ऐकतात. चाळिशीत मिळायला हवं होतं हे सगळं.

नमुन्यासाठी मी एक पडदाही लिहिला. त्यावर अशी वाक्यं: "तुमची माहिती तुमची आहे. ती द्यायची नसेल तर नको म्हणा. तुमचं ऐकणं तसंच सुरू राहील." खाली दोन बटणं, शेजारी शेजारी, एकाच मापाची. ऐकणं हा शब्द पपांसाठी घातला. पाच-सहा वेळा मोठ्याने वाचलं, एक शब्द बदलावासा वाटला नाही.

संध्याकाळी पपांबरोबर घंटा ऐकायला गेले. लोक खुर्च्या आणून गवतावर बसले होते. पपा मध्येच उठले. "डबे वाजतायत," म्हणाले. सकाळी मोठ्या कष्टाने नको म्हटलं होतं त्यांनी. मग तिथेच फोन काढला आणि हिरवं बटण दाबलं, आणि चेहरा पाडून पुढचं गाणं ऐकलं.

"हिवाळ्यापर्यंत थांबा, पपा," मी म्हटलं. "बटण तयार आहे. नुसतं मंजूर व्हायचंय."

१७ सप्टेंबर

आन्सेल्मची एक सूचना, आणि चांगली सूचना. माझा नमुन्याचा पडदा मुख्य मजकुरात दाटीवाटीने बसतोय, तो आणि त्याचे तपशील परिशिष्टात हलवू. तिथे त्याला ऐसपैस जागा मिळेल, चित्र मोठं छापता येईल. मुख्य मजकुरात "होकाराइतकंच सोपं" ही ओळ राहीलच.

मी विचारलं, परिशिष्ट बंधनकारक असतं ना? तो म्हणाला, "परिशिष्ट हा मानकाचाच भाग आहे, लीव्ह. तू स्वतः बघ, किती देखणं दिसतंय." खरंच देखणं दिसतंय.

कॉफीच्या वेळी वेइक्कोला दाखवलं. त्याने नीट वाचलं. "उत्तम लिहिलंय," म्हणाला. "आमच्याकडे परिशिष्ट शेकोटी पेटवायला घेतात."

मला राग आला. निरीक्षकाच्या खुर्चीत बसून टोमणे मारायला काय जातं? लिहून बघ म्हणावं.

१ नोव्हेंबर

आज गेलेल्यांची आठवण काढायचा दिवस. आईच्या थडग्यावर शेवंतीची फुलं ठेवली. दफनभूमीत सगळं गाव लोटलं होतं. पपा आईशी मोठ्याने बोलतात, त्यांना स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो म्हणून. "लीव्हके आता मोठी झाली बरं का, कायदा लिहितेय," ते म्हणाले. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. लाज वाटली, आणि आवडलंही.

घरी आल्यावर मानकाचे नियम पुन्हा काढून बसले. परिशिष्टाबद्दलचा परिच्छेद दोनदा वाचला. मग चहा केला. आन्सेल्मला विचारायचं असं ठरवून झोपले.

२६ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहिते.

आज शेवटची बैठक. मी पुढे बसले होते, आन्सेल्मच्या शेजारी, मजकूर पडद्यावर दाखवत. महासंघाचा एक तरुण उठला. म्हणाला, मुख्य मजकुरातली "होकाराइतकंच सोपं" ही ओळ आता लागत नाही, कारण संपादकांनी परिशिष्टात हा विषय इतका सुरेख समजावलाय. तेव्हा मुख्य मजकुरात फक्त "नकाराची सोय वाजवी प्रयत्नाने मिळावी" एवढं ठेवू. परिशिष्ट माहितीसाठी आहेच.

माहितीसाठी. म्हणजे बंधनकारक नाही; नियमांतल्या त्या परिच्छेदात हेच होतं. तो शब्द त्याने काहीच न झाल्यासारखा उच्चारला.

मी तोंड उघडलं. आन्सेल्म माझ्याकडे वळून हसला. "संपादकांना भाषेबद्दल काही सांगायचंय?"

मला सांगायचं होतं की हे चालणार नाही. पण विचारलं होतं भाषेबद्दल. सगळी खोली माझ्याकडे बघत होती, प्रेमाने बघत होती. मी म्हटलं, "'वाजवी प्रयत्नाने' हे फार ढोबळ आहे."

"मग अधिक चांगलं काय?"

आणि मी सुचवलं. देवाशप्पथ, मी सुचवलं. "'सहज सापडेल अशी' म्हणा," मी म्हटलं. "वाचायला सरळ आहे."

"सुंदर," आन्सेल्म म्हणाला. माझ्याच हाताने मी ते पडद्यावर टाइप केलं.

मग त्याने विचारलं, "आक्षेप कायम आहे का?" दुसऱ्यांदा विचारलं. मागच्या रांगेत वेइक्कोचा हात वर होता, सरळ वर. आन्सेल्म म्हणाला, "निरीक्षकांचं नंतर ऐकू." तिसऱ्यांदा विचारलं. तो शब्द माझ्या जिभेवर होता. दोन बैठकांत म्हटलेला, सवयीचा, माझा शब्द. पण संपादकाचा आक्षेप नसतो. मीच अर्थातच म्हटलं होतं. आणि टाळ्या वाजायच्या बेतात होत्या.

वाजल्या. वेइक्कोने हात खाली घेतला आणि फिनिश भाषेत काहीतरी पुटपुटत कोट घातला.

२७ नोव्हेंबर

बेनेडिता ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दार लावून घेतलं.

"तू तिथेच होतीस ना, लीव्ह? की बाहेर गेली होतीस?"

"तिथेच होते."

"मग तोंडाला काय झालं होतं? आपली एक खुर्ची. एक. तिच्यावर बसून एक शब्द बोलायचा होता."

"मी संपादक होते. संपादकाला..."

"मी तुला तिथे लिहायला पाठवलं नव्हतं, अडवायला पाठवलं होतं."

मी म्हटलं, एप्रिलमध्ये तू हसली होतीस, मुखपृष्ठाचं तूच बोललीस. "हो, बोलले," ती म्हणाली. "दोघींना एकाच गळाला लावलं त्यांनी."

६ डिसेंबर

संत निकोलसचा दिवस. ऑफिसात कोणीतरी संत्री आणि चॉकलेट ठेवलीत. आन्सेल्मचं पत्र आलं: "आदरणीय लीव्ह, तुमच्या योगदानाबद्दल महासंघ आपला ऋणी आहे." तुमच्या. आपला. ग्लासाला ग्लास लावलेलं तो विसरला असेल, किंवा सेक्रेटरीने लिहिलं असेल. मी तरी अजून त्याच्यासाठी कारणं शोधतेय, हे बघून माझीच मला शिसारी आली.

वेइक्कोला दोन ओळी लिहिल्या, क्षमा मागितली. त्याचं उत्तर एका ओळीचं: "पुढच्या समितीत भेटू. पेन घरी ठेवून या."

१३ जून, मेखेलन

या वहीला सहा महिने हात लावला नव्हता. मानक छापून आलं. मुखपृष्ठावर संघाचं नाव आहे. लोक म्हणतात, इतकं वाचनीय मानक आजवर झालं नाही.

आज पिस्टोले घेऊन गेले तर पपा दारातच उभे होते, फोन हातात धरून, दाढीबिढी करून.

"लीव्हके, काम केलंत बरं का तुम्ही लोकांनी. हे बघ. नवीन आलंय."

पडद्यावर ठळक, टपोऱ्या अक्षरात होतं: "तुमची माहिती तुमची आहे. ती द्यायची नसेल तर नको म्हणा. तुमचं ऐकणं तसंच सुरू राहील." माझी वाक्यं, शब्द न शब्द. खाली हिरवं बटण: हो, सुरू ठेवा. शेजारची जागा मोकळी होती. अगदी तळाशी, नखाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, की नकाराची सोय सेटिंगमध्ये सहज सापडेल.

"नको कुठंय, पपा?"

"असेल की आत. लिहिलंय ना."

"शोधलंत?"

"कशाला शोधू?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. "इतकी वर्षं हे लोक गोलगोल बोलायचे, म्हणून मला भरवसा नव्हता. आता सरळ सांगतायत की बाबा, नको म्हणू शकतोस. लबाड माणूस असं सरळ लिहील का? मी हो म्हणून टाकलं. पहिल्यांदाच मनापासून म्हटलं."

मी पाव कापायला घेतला.

"कोणी लिहिलं असेल गं? तुमच्यातलंच कोणी?"

"आमच्यातलंच."

"मग त्याला सांग, माझ्या बापाला, ओडिलॉनला, सगळं कळलं म्हणावं. एका वाचनात."

सांगते, म्हटलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मनोऱ्यात घंटा सुरू झाल्या. पपांनी ओठांवर बोट ठेवून मला थांबवलं आणि खिडकी उघडली. ते डोळे मिटून ऐकत होते. मी गप्प बसले. आता जमतं मला ते.